बेरिल यायच्या आधी

हिल्डा ऑर्मरॉडकडे आठवड्यातनं तीन दिवस कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बाई यायची. घर झाडायचं, पुसायचं आणि हिल्डाला आंघोळ घालायची, एवढं तिचं काम. नाव बेरिल. बेरिल यायची आठाला आणि हिल्डा उठायची पाचाला. कशाला? तर बेरिल यायच्या आधी घर झाडून घ्यायला. बाहेरची बाई घरात येणार, तिला काय कचरा दाखवायचा?

वय चौऱ्याऐंशी. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. जन्म गेला इंग्लंडातल्या लँकाशायरच्या कापडगिरणीत, मागावर. त्या खडखडाटात कान अर्धे गेले, पण समोरच्याचे ओठ हलले की हिच्यापर्यंत पोचलंच. आणि दाराची दगडी पायरी! दर शुक्रवारी दगडानं घासून पांढरी करायची. त्या गल्लीत बाईचं तोंड नंतर बघत, आधी पायरी.

एक दिवस कौन्सिलचं पत्र आलं. ज्याला खरी गरज, त्यालाच आता बाई मिळणार, म्हणून तपासणीला माणूस येणार.

हिल्डाच्या बहिणीची, आयव्हीची, अशीच बाई बंद केली होती. तीन महिन्यांत आयव्ही पडली न् टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेली, एक बॅग घेऊन. कपबश्यांचं कपाट मागेच राहिलं. तिथे टीव्ही होता, गरम जेवण होतं. पायरी कुणाचीच नव्हती.

बेरिलनं बजावलं, "मिसेस ऑर्मरॉड, उद्या खरं सांगायचं हं. तुमचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो ते सांगा."

"माझे वाईट दिवस लोकांना कशाला सांगू?"

"लोक नाहीत, कौन्सिल आहे."

"कौन्सिलमध्ये काय मेंढ्या बसतात? लोकच ना ते?"

"मग जा आयव्हीकडे राहायला!" बेरिल फणकारली.

दुसऱ्या दिवशी उठली ती चाराला. पडदे झटकले. चांगला निळा स्वेटर काढला. त्याची सहा बटणं लावता लावता उजाडलं. दहाला तपासणीची बाई आली. पोरगीच ती, हातात फाईल.

"हॅलो हिल्डा! मी गिलियन."

हिल्डाला ते लागलं. बेरिल अकरा वर्षं येते, अजून मिसेस ऑर्मरॉड म्हणते. आणि ही दारातच हिल्डा.

"चालायला काही त्रास?"

"चाललंय आपलं."

"आंघोळ स्वतः करता?"

"आमच्या घरात पारोसं कुणी बसत नाही."

"जिना चढता?"

"वरती झोपते, मग चढणारच की."

"स्वयंपाक?"

"उपाशी दिसते का मी?"

गिलियननं सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. घराकडे बघितलं, लख्ख. फाईल मिटली. "छान चाललंय तुमचं. मदतीची गरज दिसत नाही मला," म्हणाली आणि उठली.

हिल्डाच्या डोळ्यांसमोर आयव्हीची बॅग आली. पण आलेलं माणूस चहाशिवाय कसं पाठवायचं?

"बस पोरी. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"मी करू का?"

"पाहुणीनं करायचा चहा? गिरणीत असं बोलली असतीस तर बायांनी हसून हसून हैराण केलं असतं तुला."

हिल्डा स्वयंपाकघरात गेली, दार उघडंच राहिलं. भरली किटली उचलवत नव्हती, म्हणून कपाकपानं पाणी नेलं. नळापासून शेगडीपर्यंत, चार खेपा. दर खेपेला खुर्ची धरून उभी. दुधाची बाटली दोन तळव्यांत धरून दातांनी उघडली. बिस्किटांचा डबा उघडेना, तो गुडघ्यात दाबला, तरी उघडेना. मग डबा तसाच बंद ट्रेमध्ये ठेवला, निदान दिसेल तरी. शेवटी ट्रे जमिनीवरनं पायानं सरकवत सरकवत आणला. एक थेंब सांडला नाही.

चहाला पस्तीस मिनिटं लागली. गार होता. गिलियननं सगळा प्यायला, बिस्किटाचा डबा स्वतः उघडला, आणि परत फाईल काढून बराच वेळ लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बेरिलनं वाचून दाखवलं: तीन दिवसांऐवजी आता पाच दिवस बाई येणार.

बेरिलनं टाळीच वाजवली. हिल्डाचा चेहरा पडला.

"का हो, काय झालं?"

"चहात काय खोट काढली तिनं? गार होता, एवढंच ना?"

"अहो, चांगलंच झालं की! रोज येईन मी."

"तुझं काय जातंय, पोरी? तीन दिवसच पाचाला उठत होते. आता पाच दिवस."

शुक्रवारी बेरिल मुद्दाम सातालाच आली, झाडझूड उरकण्याआधी म्हातारीला पकडायचं म्हणून. बघते तर हिल्डा दारात गुडघ्यांवर, हातात घासायचा दगड.

"मिसेस ऑर्मरॉड! उठा आधी!"

"ओरडू नको. आणि पाय ठेवू नको, पायरी ओली आहे. तुझी वेळ आठाची ना?"

"आठाचीच."

"मग आठाला ये."

बेरिलनं हात धरून तिला उभं केलं, आत नेऊन बसवण्यासाठी पाय उचलला, पायरीकडे बघितलं, आणि पाय मागे घेतला. हिल्डा एकटीच भिंत धरत आत गेली, दार लावलं. बेरिल बाहेर थंडीत हात चोळत उभी राहिली. आठाचा ठोका पडला तेव्हा तिनं घंटी वाजवली.

"आलीस? ये ये," हिल्डा म्हणाली. "घर जरा पसरलंय बघ."