भुऱ्याले घेऊन ये

भूतबित ऐकलं की मला हसू यायचं, हे आधीच सांगतो. डोणगावला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. 'फोन आपोआप लागतो' म्हणून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात, आणि आजवर प्रत्येक भूत मी स्क्रू काढून दाखवलंय. तरी हे लिहितोय... कारण डोक्यातून जात नाही.

बाबांची कानाची मशीन बंद पडली. ऑनलाइन घेतलेली. कस्टमर केअरला फोन केला की एकच टेप – सोशल मीडियावरच्या आमच्या पेजवर मेसेज करा. केला. लगेच उत्तर, 'नमस्कार! आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', खाली हात जोडल्याचं चित्र. पुढे काहीच नाही! फोटो टाकले, बिल टाकलं. मग तिकडून विचारलं, 'आपल्याला ऐकू न येण्याची समस्या आहे का?' मी घाईत लिहिलं, 'हाव'. उत्तर – 'क्षमस्व, आम्हाला समजले नाही.' अरे, आमच्याकडे हाव म्हणजे हो! 'हो' लिहिलं तर पुन्हा 'नमस्कार!' वैतागून त्यांच्या जाहिरातीखाली सगळ्यांना दिसेल अशी कमेंट टाकली. तिथे मात्र तत्परता – 'खेद आहे, कृपया मेसेज करा.' डोकं फिरायची वेळ.

एवढी चिडचिड व्हायचं कारण होतं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, रोहिणखेडला अंथरुणाला खिळले होते. संध्याकाळी दोघे भाऊ फोनवर बोलायचे. आता बाबा फोन कानाला लावून नुसते "हाव... हाव" करायचे आणि ठेवल्यावर मला विचारायचे, "काय म्हणे बे तो?" मोठेबाबांचा आवाज इतका खोल गेला होता की मलाही कळायचं नाही.

"मशीन दुरुस्त होऊ द्या, मंग जाऊ रोहिणखेडले," मी ओरडून सांगायचो. "आता जाऊन तुम्हाले ऐकू काय येईन?"

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत होतो आणि पेजवरून मेसेज आला. नमस्कार नाही, जोडलेले हात नाहीत.

'मशीनले काय करतं. भुऱ्याले घेऊन ये.'

भुऱ्या म्हणजे बाबा. जगात एकच माणूस त्यांना या नावानं हाक मारतो – मोठेबाबा. मला वाटलं, त्यांच्या मुलानं, सुनीलदादानं थट्टा केली. फोन लावून त्याच्यावर चिडलो.

"मी काऊन करू बे मजाक?" तो म्हणाला. "मले त्या पेजचं नावबी मालूम नाई. आमचे बाबा सकाळपासून बोलूनच नाई राह्यले."

मोठेबाबांजवळ तर स्वतःचा फोनच नव्हता; बोलायचे ते सुनीलदादाच्या फोनवरून. मी शटर ओढलं आणि बाबांना गाडीत बसवलं.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बाबा खाटेवर भावाला टेकून बसले. मोठेबाबांचे ओठ हलले. बाबांनी कान अगदी तोंडाशी नेला आणि म्हणाले, "हाव. आलो ना."

"काय म्हणाले?" मी बाबांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं.

"मले काय मालूम? पण हात सोडून नाई राह्यला."

पहाटे मोठेबाबा गेले. हात बाबांच्या हातातच होता.

कोणी म्हणेल, पेज हॅक झालं. ठीक. पण रोहिणखेड, मोठेबाबा, भुऱ्या... यातलं एक अक्षर मी त्या कंपनीला लिहिलं नव्हतं. आणि ते 'ये'. दुसरा कोणी असता तर 'घेऊन जा' म्हणाला असता. 'घेऊन ये' तोच म्हणतो, जो तिथे वाट बघत असतो. कंपनीला विचारलं तर म्हणे, असा मेसेज आमच्याकडून गेलेलाच नाही. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे. मलाच स्क्रू सापडत नाही.

सगळं आटोपून घरी आल्यावर पेजवरून विचारणा झाली, 'आपली समस्या सुटली का?' मशीन अजून बंदच होती. मी संतापून शिव्या टाईप करायला घेतल्या. बाबांनी फोन हातात घेऊन तो प्रश्न वाचला.

"लिव," ते म्हणाले. "हाव."

लिहिलं.

'क्षमस्व, आम्हाला समजले नाही.'