घरघरीसकट आवाज

नात मोबाईलला गिटार जोडून वाजवत होती. त्यातल्या ॲपमधून जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आवाज निघतो. तसला ॲम्प्लिफायर मी लग्नांत लावायचो. ऐकलं तर मागची घरघरसुद्धा तीच.

"ही खोड कशाला ठेवली गं?"

"मुद्दाम ठेवलीय, आबा. काढली की आवाज खोटा वाटतो."

बायको गेल्यापासून जो तो तिचं गुणगान करतो. मीही देवमाणूस होती म्हणतो, आणि ती काही डोळ्यांसमोर येत नाही.

मग नातीला सांगितलं, तुझी आजी भांडकुदळ होती. चहात जास्त साखर मागितली की म्हणायची, "वर जायची घाई झालीय का हो?"

नात हसली. "अजून सांग ना."

सांगता सांगता बायकोचा आवाज कानात यायला लागला, चांगला खणखणीत.