स्टेशनाबाहेर न पडलेले काका

१९८६ सालच्या जुलैतल्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, शिकागोच्या हॉवर्ड या रेल्वे लाईनवर माझ्या मावशीवर अन्याय झाला. अन्याय करणारे गृहस्थ म्हणजे तिचे यजमान, आमचे काका. प्रवासाची इतकी हौस असून जगातलं इतकं कमी पाहिलेला माणूस दोन्ही अमेरिका धुंडाळल्या तरी दुसरा सापडायचा नाही, हे मी ठामपणे लिहिते. शेजारच्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बरला, विद्यापीठाच्या चौकात मी निषेधाची पत्रकं वाटते आणि ती लिहितेही मीच, त्यामुळे शब्द जपून वापरायची मला सवय नाही.

आदल्या वर्षी यंत्रं बसवून द्यायला कंपनीने काकांना सहा आठवडे सेऊलला पाठवलं होतं. तिथे भुयारी रेल्वेच्या लाईनी पाहून काकांना साक्षात्कार झाला. शहर बघायचं ते लाईनीप्रमाणे! एका रविवारी एक लाईन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक स्टेशनावर उतरायचं, पाटीचा फोटो काढायचा आणि पुढच्या गाडीत बसायचं. फाटकाबाहेर मात्र पाऊल टाकायचं नाही, कारण बाहेर पडलं की लाईन मोडते. “पारायणाला बसलेला माणूस मधल्या अध्यायाला उठून भाजी आणायला जातो का?” असं ते विचारतात, आणि समोरचा गप्प बसला की त्याला पटलं असं धरून चालतात. सगळ्या लाईनींत हिरव्या लाईनीवर त्यांचा फार जीव. ती गोल आहे. तिला टोकच नाही, म्हणजे बाहेर पडायचा प्रश्नच मिटला.

या पारायणाचं उद्यापन तेव्हापासून दर शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या दोन खोल्यांत चालू आहे. दिवे घालवून काका मराठी मंडळातल्या लोकांना भिंतीवर स्लाइड्स दाखवतात. पाटी. पुढची पाटी. “हे राजवाड्याचं स्टेशन.” राजवाडा कुठाय, असं कुणी विचारलंच, तर “वर आहे.” बाजाराच्या स्टेशनावर बाजार वर आहे, देवळाच्या स्टेशनावर देऊळ वर आहे. एकदा म्हणे गाडी भुयारातून निघून मोठ्या नदीच्या पुलावर आली होती, पण तेव्हा काका मान खाली घालून रोल बदलत होते. नागपूरच्या एका विद्यार्थ्याने कंटाळून “यार काका, एखादा माणूस तरी दाखवा,” म्हटलं, तेव्हा काकांनी पाटीच्या आड आलेल्या एका कोरियन आजोबांची स्लाइड दाखवली, आणि फोटो बिघडल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली.

हा सगळा वेळ मावशी अंधारात चाचपडत साबुदाण्याचे वडे वाढत असते. बारा वर्षं ती या रस्त्यावर राहते, साड्यांच्या दुकानात फॉल लावते, आणि गाडी तिला चालवता येत नाही. तिच्या दारातला हाच रस्ता पूर्वेकडे नाकासमोर गेला की मिशिगन सरोवराशी जाऊन थांबतो. मावशी त्याला तळं म्हणते. ते तिने टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांत पाहिलं होतं. त्या जुलैत तिला पन्नास पूर्ण झाली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं: “मला एकदा तळ्यात पाय बुडवायचेत.” काका लगेच तयार झाले. मी ॲन आर्बरहून मुद्दाम आले. मावशीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली.

आता नीट ऐका. डेव्हनच्या बसने आम्हाला ज्या स्टेशनापाशी सोडलं, तिथून तळं दोन गल्ल्यांवर होतं. वाऱ्याला पाण्याचा वास येत होता. काका आम्हाला जिन्याने वर फलाटावर घेऊन गेले. आधी उत्तरेला हॉवर्डला, कारण लाईन तिथे सुरू होते. मग दक्षिणेचं टोक गाठेपर्यंत घरांच्या मागच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, मग बोगदा, मग पुन्हा गॅलऱ्या. बोगद्यात मावशीने पुऱ्या वाढल्या. एका वळणावर दोन इमारतींच्या फटीत निळं काहीतरी चमकून गेलं. “दिसलं ना तळं?” काका म्हणाले, “झालं तर मग.”

परतताना बसने सोडलं होतं ते पहिलं स्टेशन आलं, दार उघडलं, आणि मावशी उतरली. मी तिच्यामागे उडी मारली. दार मिटलं. काचेपलीकडे काका, मांडीवर डबा आणि चेहऱ्यावर घोर अविश्वास. पुढे अजून हॉवर्ड उरलं होतं. ते अर्थातच गेले.

मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहिली, भिजलेल्या निऱ्या मुठीत धरून.  मग म्हणाली, “हे कुठे असतील गं?”

“वर आहेत,” मी म्हणाले. ती खूप हसली, आणि मग काठाकडे वळली. “चल,” म्हणाली.

काका फलाटावर होते, पाटीच्या बरोब्बर खाली, डबा छातीशी धरून. हॉवर्डहून कधीच परत आले होते. मी पत्रकाच्या भाषेत सुरुवात केली: दोन गल्ल्या, काका, फक्त दोन गल्ल्या उतरून यायला काय झालं होतं? त्यांनी वाद घातला नाही.

“सेऊलला पहिल्या दिवशी बाहेर पडलो होतो,” ते म्हणाले. “हॉटेल सापडेना. विचारायला गेलो की लोक हसायचे. इथे ऑफिसात तरी वेगळं काय होतं? मी तोंड उघडलं की हसतात. स्टेशनात पाटी असते बाळ. आपण कुठे आहोत ते कुणाला विचारावं लागत नाही.”



मावशीने त्यांच्या हातातला डबा घेतला. “अहो, चला. मला माहितीये रस्ता.” ते जिना उतरले. फाटकापर्यंत आले, फाटकाच्या दांडीवर हातही ठेवला. तेवढ्यात डोक्यावर गाडी धडधडली, आणि त्यांनी सवयीने मान वर केली. मावशीने ओढलं नाही. त्यांच्यासोबत ती पुन्हा जिना चढली, ओल्या साडीचा काठ पायऱ्यांवर उमटवत.

शेवटी डेव्हनची बस जिन्याशी लागली तेव्हाच काका फाटकाबाहेर पडले, ते थेट बसमध्ये. तळ्यापर्यंत ते अजून गेलेले नाहीत, आणि शनिवारचे वडे तसेच चालू आहेत. आपल्या मंडळातल्या ज्यांनी ज्यांनी ते खाल्लेत आणि घरी जाताना काकांची नक्कल केलीत, त्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात गाडी आहे. तळं दाखवू का, असं मावशीला बारा वर्षांत तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. तेव्हा या रविवारी गाडी काढा, डेव्हनवर या, दोघांना मागच्या सीटवर बसवा आणि पाण्यापर्यंत न्या. काका दार उघडून उतरेपर्यंत घाई करू नका. आणि ते तोंड उघडतील तेव्हा हसू नका.