चपात्यांखालचा मोर

सिताराम तांबे बाजारात वस्तू विकायला बसत की गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायला, हे मला अजूनही सांगता येणार नाही. १९८० साली आम्ही परळहून वाशीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि दर रविवारी तुर्भ्याच्या बाजारात जायला लागलो. तिथे सुकी मासळी आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्या मधल्या जागेत एका चादरीवर लाकडाचे मोर, हंस, हरणं आणि शिडाची जहाजं मांडलेली असत. सगळी ताटाएवढी, सपाट, पण आतून इतकी बारीक कोरलेली की मोराच्या पिसाऱ्यातून खालच्या चादरीची फुलं दिसत. मी एक मोर उचलला आणि किंमत विचारली. चादरीमागच्या चष्मेवाल्या माणसाने किंमत सांगितलीच नाही.

"कुठे लावणार?" त्यांनी विचारलं.

"घरात," मी म्हटलं.

"घरात कुठे? कुठल्या भिंतीला? मागून उजेड नको. बाजूने पायजे."

माझा राग नाकावरच असतो. मोर खाली ठेवून मी निघणार होते, पण आमच्या ह्यांनी "हॉलमध्ये, सोफ्याच्या वर" असं सांगून टाकलं. आमच्याकडे सोफा नव्हता. ऑफिसात साहेबांना द्यायची उत्तरं घरच्या कामातही वापरायची त्यांना सवय आहे. तांबे मात्र खूश झाले, मोर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आमचा पत्ता विचारून घेतला आणि म्हणाले, "येतो एकदा बघायला." बोलायची पद्धत म्हणून म्हणाले असतील, असं मला वाटलं.

तांबे जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. बाहेरून यंत्रांचे सुटे भाग देवदाराच्या खोक्यांतून यायचे आणि फोडलेल्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना नेता यायच्या. बाकीचे लोक त्या जाळायला नेत. तांबे त्या रंधा मारून गुळगुळीत करत आणि त्यातून मोर काढत. करवत त्यांनी स्वतःच बनवली होती. बायकोच्या शिलाई मशीनचं डोकं स्क्रू काढून उतरवायचं, त्या जागी आपली लोखंडी चौकट बसवायची, तिच्यात दोऱ्यासारखं बारीक पातं ताणायचं आणि पायाने मशीनचा पायटा, म्हणजे पेडल, मारायचा. पातं वरखाली होतं आणि दोन्ही हात फळी फिरवायला मोकळे राहतात. अडचण इतकीच होती की मशीन चांगुणाबाईंचं होतं, त्या अख्ख्या वस्तीचे ब्लाउज शिवत, आणि पायटा घरात एकच होता.

आमच्या मोराकडे येते. ह्यांनी भिंतीत खिळा ठोकायला घेतला. तो वाकला. दुसरा वाकला. तिसऱ्याला अंगठा सापडला आणि भिंतीचा एक पोपडा खाली आला. "भिंतच मोराच्या विरुद्ध आहे," असं म्हणून हे अंगठा पाण्यात बुडवून बसले, आणि मोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून राहिला. एके दिवशी चपात्यांचा डबा घासायचा राहिला होता, तव्यावरची चपाती फुगून तयार होती, आणि हाताशी मोर होता. मी त्याच्यावर चपाती टाकली. मग दुसरी, तिसरी.

तव्यावरून काढलेली चपाती ताटात ठेवली की खालून घाम सुटतो आणि तळातली ओली होते, हे ज्याने चपात्या लाटल्यात त्यालाच माहीत. त्या दिवशी मोराच्या पिसाऱ्यातून सगळी वाफ निघून गेली आणि तळातली चपाती वरच्याइतकीच कोरडी राहिली. पहिले काही दिवस तिला देवदाराचा वास यायचा. "आज जेवणाला हिमालयाची हवा आहे," असं हे म्हणाले, पण एक चपाती जास्त खाल्ली. तेव्हापासून मोराला भिंतीची आठवण कोणी करून दिली नाही.

आणि एका संध्याकाळी कारखान्यातून परत जाताना तांबे खरंच आले. त्यांनी हॉलची भिंत बघितली, पोपडा निघालेली जागा बघितली, सोफा नसलेली जागाही बघितली. मग पाणी आणायला मी आत गेले तर ते पाठोपाठ स्वयंपाकघराच्या दारात. मोरावर चपात्यांची चळत होती. मोराची फक्त मान बाहेर आली होती.

"वैनी," ते अगदी हळू म्हणाले, "त्याला भाजतंय."

 त्यांनी खिशातून पैसे काढून ओट्यावर ठेवले, चपात्या एकेक करून ताटात उतरवल्या, रुमालाने मोर पुसला आणि काखेत मारून निघून गेले. त्या रात्री आम्ही ओल्या चपात्या खाल्ल्या. घेतलेली वस्तू दुकानदार घरात येऊन परत नेतो, हे मी परळला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्याची नुसती भट्टी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ते कामावर असतील अशा वेळी मी तुर्भ्याला त्यांची खोली शोधत गेले. चांगुणाबाई दारातच मशीनवर बसल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याभोवती पिंपळपानांची कोरीव चौकट, इतकी सुंदर की मी भांडायला आले होते हे क्षणभर विसरले. बाकी सगळ्या खोलीत, खाटेखाली, माळ्यावर, ट्रंकेवर, नुसते मोर आणि हरणं. भांडण ऐकून घेऊन चांगुणाबाई उठल्या, "बसा ताई, भाकरी खावा" म्हणाल्या. त्यांनी तांदळाची भाकरी थापून भाजली आणि ज्याच्यावर ठेवली ते बघून मी हसायला लागले. तो एक हंस होता. वाफेने काळा पडलेला, चोचीचं टोक जळालेलं.

"त्यांनी कोरलेली पैली वस्तू ही," चांगुणाबाई म्हणाल्या. "लग्नानंतर माझ्यासाठी केलेली. आमची भिंत त्या वक्ताला कुडाची, लावू कुठं? घेतला भाकरीखाली. त्यांना सांगितलंय, माझ्या माहेरी चिपळूणला भिंतीवर हाय."

"आणि ते रोज इथेच जेवतात ना?"

"भाकरी त्यांना ताटात वाढते मी. चुलीकडं बघतोय कोण?"

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. वस्तीतल्या सगळ्या बायकांना पांढऱ्या साडीवर नवीन ब्लाउज हवे होते आणि मशीन दिवसभर लागणार होतं. त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं की जयंतीच्या आधी हे सगळं लाकूड विकून खोली मोकळी करा, नाहीतर करवत पायट्यावरून उतरवा ती कायमची. बोलताना बोलून गेल्या होत्या आणि आता त्यांना झोप नव्हती. "उतरवतील ते, मी बोलले तर," त्या म्हणाल्या. "मग काय करतील हो? कारखान्यात खोकी फोडायची नि घरी येऊन भिंतीकडं बघायचं. मला ते बघवायचं नाय." आणि एवढं सगळं खपणार कसं? गिऱ्हाईक आलं की ते त्याच्या भिंतीची चौकशी करत आणि गिऱ्हाईक बादल्यांकडे वळे.

माझा राग तिथेच उतरला. दुसरं काहीतरी डोक्यात शिरलं होतं.

पुढच्या रविवारी तांब्यांना ओव्हरटाइम होता. चादरीवर चांगुणाबाई बसल्या आणि शेजारी स्टोव्ह, तवा, पोळपाट घेऊन मी. आमच्या ह्यांना मी कणीक मळायला बसवलं होतं. ओळखीचं कोणी दिसलं की ते बादल्यांच्या मागे तोंड लपवत. मी एक चपाती ताटात ठेवायची आणि एक मोरावर. थोड्या वेळाने दोन्ही उलटून दाखवायच्या. बोलायची गरजच नव्हती. पहिली बाई चपातीला हात लावून बघायची आणि दुसरीला हाक मारायची.

"धुवायचं कसं?" एकीने विचारलं.

"ओल्या फडक्यानं पुसा नि उन्हात ठेवा," चांगुणाबाई म्हणाल्या.

सुकी मासळीवाली काशी आपलं दुकान सोडून आली, "आमच्या घरान सात मानसं हायत, मोठा मोर दे" म्हणाली. दुपारपर्यंत मोर, हंस, हरणं संपली. जहाजंसुद्धा गेली, शिडांतून वाफ चांगली जाते म्हणून. आमच्या घरी मात्र आठवडाभर कणकेला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

संध्याकाळी रिकामी चादर बघून तांबे खाली बसले. मग उठले, सगळ्या वस्तीत पेढे वाटले आणि कोणाकोणाला सांगितलं की लोकांना कला कळायला वेळ लागतो, पण कळते. करवत वाचली होती. चांगुणाबाईंनी जयंतीपुरता पायटा घेतला आणि नंतर आपणहून परत दिला. इथे गोष्ट संपली असती तर मी सुखाने राहिले असते. पण कोणी काय घेतलं ते बाजारात विचारून घेऊन तांबे म्हणाले, "आता एकेकाच्या घरी जाऊन बघून येतो."

मी लगेच निरोप धाडले. घेणाऱ्या बायका वाशीपासून पावण्यापर्यंत पसरल्या होत्या, पण बायकांचा निरोप बसच्या आधी पोचतो. ज्या घराकडे तांबे वळत, तिथे त्यांच्या आधी बातमी जाई आणि ओट्यावरचा मोर धावत भिंतीवर जाई. कॅलेंडर काढून त्याच खिळ्यावर मोर, आरसा काढून त्या जागी हरीण. एका घरी तर घरधन्याने जहाज हातातच धरून ठेवलं, "लावायलाच निघालो होतो" म्हणून. तांबे सगळीकडे चहा पीत, मान डोलवत, आणि बाहेर पडत. पण चौथ्या की पाचव्या घरी त्यांनी मोराची मान सरळ करायला हात लावला आणि तो पटकन मागे घेतला.

"वैनी," ते त्या घरच्या बाईला म्हणाले, "तुमची भिंत लय गरम आहे."

मग त्यांनी वास घेतला. मोराच्या पिसाऱ्यात कणकेचं पीठ अडकलेलं होतं.

ते तिथून सरळ आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. रागावले असते तर मी तयार होते, मलाही येतो राग. पण ते नुसते म्हणाले, "सगळेच खोटं बोलले वैनी. एकालाही भिंतीवर नको होता. आज जाऊन मीच करवत उतरवतो." आणि जिना उतरून गेले. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही. हे बिचारे बिस्किटं खाऊन झोपले.

पुढचं मला चांगुणाबाईंनी सांगितलं. तांबे घरी आले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि करवतीच्या चौकटीचे स्क्रू ढिले करायला बसले. चांगुणाबाई बघत राहिल्या. मग त्यांनी चुलीजवळचा हंस, त्याच्यावर वाफाळती भाकरी, तसाच उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला. ताट ठेवलंच नाही. तांब्यांनी भाकरी उचलली आणि खाली बघितलं. आपल्या हातची पहिली नक्षी ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण ती पार काळी झाली होती.

"हा चिपळूणला हाय ना?" त्यांनी विचारलं.

"कधीच नव्हता," चांगुणाबाई म्हणाल्या. "भिंतीवर असता तर मी दिवाळीला एकदा पुसला असता. इथं रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या हाताखाली हाय. तुमी कामावर असता तवा पण."

तांबे बराच वेळ हंसाच्या जळालेल्या चोचीवरून बोट फिरवत बसले. भाकरी गार झाली. ती त्यांनी तशीच खाल्ली, आणि मग स्क्रू ड्रायव्हर उचलून स्क्रू परत घट्ट केले.

पुढच्या रविवारी मी भीतभीतच बाजारात गेले. चादरीवर नवीन मोर होते. आमचा परत नेलेला मोरही त्यातच होता. मी तो उचलला तेव्हा हाताला खालून काहीतरी लागलं. उलटा करून बघितलं, तर चार बाजूंना सुपारीएवढे चार पाय चिकटवलेले. सगळ्याच मोरांना होते.

"भिंतीवरच्या मोराला पाय कशाला?" मी मुद्दामच विचारलं.

तांब्यांनी चष्मा पुसला. "खालून हवा खेळायला पायजे," ते म्हणाले. मग विचारलं, "दिवसाला चपात्या किती होतात तुमच्याकडे? ओटा खिडकीशी आहे का? उजेडाचं सोडा वैनी, वारा कुठून येतो ते सांगा."

सगळी चौकशी पुरी झाल्यावरच त्यांनी मोर कागदात गुंडाळला. आणि चांगुणाबाईंनी मला सांगितलं की त्यांच्या घरच्या काळ्या हंसालाही एका सकाळी चार पाय आले होते. चोच मात्र त्यांनी नवीन बसवू दिली नाही.