ब्रेकमास्तर आणि पाठीतली सुई

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की हे दाबतात. म्हणून नाव पडलं ब्रेकमास्तर. "घाबरू नका, मी आहे ना," हे इतक्यांदा सांगून झालंय की आपण असताना काही बिघडतच नाही, अशी त्यांची ठाम समजूत.

मग त्यांच्या नऊ वर्षांच्या ठकीला रक्ताचा कॅन्सर निघाला. बरी होईल म्हणाले डॉक्टर, पण उपचार लांबलचक.

वॉर्डातही मास्तरांची शिकवणी चालूच. सिस्टर सुई घेऊन आली की, "हळू... हळू... समोर बघा... आता सोडा!" आणि उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला. शेवटी सिस्टरने त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. बरं केलं! नाहीतर मीच काढलं असतं. इकडे माझी बहीण दिवसभर हसतमुख, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. दोघंही एकमेकांसमोर मोठे धीराचे. डोंबलाचे धीराचे!

ठकीच्या पाठीत सुई द्यायचा दिवस आला. जराही हलायचं नव्हतं. ठकीने साफ सांगितलं, "बाबा नसेल तर मी सुई घेणार नाही." आई नको, मावशी म्हणजे मीही नको. झालं! तोंड बंद ठेवायच्या अटीवर मास्तर आत.

मास्तरांनी शब्द पाळला. लेकीचा हात धरून गप्प बसले. सुई आत गेली, बाहेर आली, ठकी तसूभर हलली नाही. मास्तर मात्र स्टुलासकट धाडकन आडवे! डॉक्टर, सिस्टर सगळे त्यांच्याकडे धावले. ठकी कितीतरी दिवसांनी खदाखदा हसली आणि दारात उभी माझी बहीण हसता हसता सगळ्यांदेखत रडायला लागली.

शुद्धीवर येताच मास्तरांची सारवासारव सुरू. "सकाळपासून पोटात काही नव्हतं."

"अहो, माझ्याकडे दोनदा वाढून घेतलंत की!" मी म्हटलं.

पुढच्या सुईला ठकीला पुन्हा बाबाच हवा. सिस्टर म्हणाली, "मग त्यांना आधीच आडवं करा." शेजारी खाट लावली. मास्तर लाजेने लालबुंद होऊन आडवे झाले, लेकीचा हात धरला.

"बाबा, घाबरलास?"

मास्तरांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, दारातल्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो गं. फार."

"मी पण," ठकी म्हणाली. "हात नीट धर."