झडती

लालबागच्या आमच्या खोलीत तो म्हातारा एकदाच आला, प्रिंटरचं चोंदलेलं हेड साफ करायला. हे दुरुस्तीवाले चांगलं हेड काढून जुनं बसवतात, असं ऐकलं होतं. म्हणून मी आधीच हेडवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. कोमट पाण्याने भिजवलेल्या मलमलीवर त्याने हेड ठेवलं आणि वाळलेली शाई सुटेपर्यंत थांबला. मी समोरून हललो नाही. छपाई स्वच्छ आली. ठिपकाही जागेवर होता.

दाराशी थांबून त्याने आपणहून पिशवी उघडली, दोन्ही हात वर केले.

"बघून घ्या साहेब. संप होईपर्यंत मिलच्या गेटवर रोज झडती द्यायचो."

"छे हो काका, काय हे!" मी म्हणालो.

आणि पिशवीत डोकावलो.