मामी ऐकते, मामा दुरुस्त करतो

माझा मामा गाड्यांचे स्पीकर दुरुस्त करतो, आणि त्याचा स्वतःचा आवाज असा आहे की गल्लीने त्याचं नाव भोंगा ठेवलंय. त्याला ते आवडतं. मामीला आवडत नाही, पण चिडली की तीही तेच म्हणते.

दुकान म्हणजे दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी शेड. भिंतीवर वायरींची भेंडोळी, बाकावर डबे, डब्यांत दाराच्या पॅनलच्या प्लास्टिकच्या क्लिपा. मामा पॅनल उघडतो, दारात डोकं घालतो, आणि काम झालं की हाक मारतो, "अगं ए, बस!" मामी हातातलं टाकून येते, ड्रायव्हरच्या सीटवर बसते, डोळे मिटून ऐकते. तिने मान हलवली तरच गाडी शेडबाहेर जाते. लग्नापासून हे असंच चालू आहे. मामाचं म्हणणं, दुरुस्त करणाऱ्याला आपलं काम नेहमी बरोबरच ऐकू येतं. ऐकायला दुसरं माणूस हवं, आणि तेही आपली भीड न बाळगणारं. भीड न बाळगण्यात मामीचा हात कोणी धरू शकत नाही. एकदा भर गिऱ्हाइकासमोर ती म्हणाली होती, "हे काय गाणं आहे? पातेल्यात चमचा पडलाय." मामाला सगळं पुन्हा उघडावं लागलं, आणि आत सुटलेली पट्टी सापडलीच.

त्या दिवशी गाडी माझी होती. गाण्यात बेस आला की उजव्या दारात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं. मामाने तुटकी क्लिप बदलली, सैल वायर फोममध्ये गुंडाळली. भुंगा गेला. मामी बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "डावी बाजू बंद आहे."

"डावीला मी हातच लावला नाही."

"मग लावा."

मामाने डावं-उजवं कनेक्शन आपसात बदललं. ही त्याची नेहमीची युक्ती: दोष पलीकडे गेला तर स्टीरिओ बिघडलाय, जागेवर राहिला तर स्पीकर किंवा वायर. मामी म्हणाली, डावीच बंद. त्याने स्पीकर बदलला. डावीच. वायर नवी टाकली. डावीच. मागच्या सीटवर मला दोन्हीकडून छान ऐकू येत होतं, पण मामीपुढे तोंड उघडायची माझी काय बिशाद! ऐकू तर मामालाही येत होतं. पण स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही हा नियम त्याचाच, म्हणून तो बिचारा चांगली गाडी उघडत राहिला.

शेवटी बदलायला काही उरलं नाही. मामाने मामीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अगं, जरा मागे तोंड करून बस."

"वेड लागलंय का?"

"बस ना."

ती कुरकुरत सीटवर गुडघे टेकून वळली. आम्ही समोरासमोर आलो. तिने पुन्हा डोळे मिटले आणि गाडीच्या उजव्या दाराकडे बोट केलं. "आता हे बंद झालं. डावं चालू झालं."

मामाने स्टीरिओ बंद केला. मामी वळली तसा दोषही तिच्याबरोबर वळला होता. बंद पडला होता तो तिचा डावा कान. मामाची युक्ती इतक्या वर्षांत तिलाही पाठ झाली होती, त्यामुळे कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मागच्या सर्दीत कानाला दडे बसले होते, सुटतील आपोआप म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं.

कानाचं पुढे काय, हे तिने विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे आता मी बसायचं नाही?" मला रडू आलं. मामाने भर दुपारी शटर ओढलं आणि माझ्याच गाडीतून, पॅनल नसलेल्या दारासकट, तिला डॉक्टरांकडे नेलं.

औषधांनी थोडं ऐकू यायला लागलं. बाकीचं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामी शेडमध्ये यायची, पण सीटवर बसायची नाही. मामाने हाक मारली की "तुमचं तुम्ही ऐका" म्हणून भाजी निवडत राहायची. मग मामाने दुरुस्त झालेल्या गाड्या सोडणंच बंद केलं. तिने मान हलवल्याशिवाय नाही म्हणजे नाही. मला त्या हट्टाचा राग यायचा आणि मामाबद्दल मायाही दाटून यायची.

शेवटी एक टॅक्सीवाला येऊन भांडायलाच लागला. मामा त्याला तसाच सोडून मामीसमोर जाऊन उभा राहिला.

"आधी पुढे तोंड करून बस, मग मागे. एक कान दोन्ही दारांना पुरतो."

मामीने भाजी बाजूला ठेवली, हात पुसले आणि बसली. पुढे तोंड करून ऐकलं. मग गुडघे टेकून वळली. टॅक्सीवाला भांडण विसरला.

"हे काय चाललंय?"

"तिची पद्धत आहे," मामा म्हणाला.

"पद्धत कसली डोंबलाची? डावा कान गेलाय माझा," मामी डोळे न उघडता टॅक्सीवाल्याला म्हणाली. "आणि तुमचं मागचं डावं दार अजून खरखरतंय." मग मामाला, "अहो, बघत काय बसलात? उघडा ते."